त्र्याहत्तर नंबरचा जो



या वेळी पापड-लोणची नाहीत की पर्वाचा स्वयंपाकही नाही. या वेळी अमेरिकन फुटबॉल. हसू नका. माझी सून वाचून हसलीच आहे.

२०१७ साली सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं ओहायोत, क्लीव्हलंडजवळ मुलाकडे गेलो होतो. तिथे दर रविवारी दुपारी एकला घरात टीव्ही लागायचा. गावाच्या संघाचं नाव ब्राउन्स. नातू अकरा वर्षांचा, अंगात केशरी सदरा घालून बसायचा. सामन्याचं घड्याळ साठ मिनिटांचं, पण संपायला तीन तासांहून जास्त लागतात. माझं गणित वेगळंच असायचं. नोव्हेंबरात तिथे घड्याळं तासभर मागे करतात आणि पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. सामना संपला की मी धावत ओट्याशी, कारण सूर्यास्ताआधी पानं वाढायची.

पहिल्या रविवारी मी दहा मिनिटांत उठून आत गेले. चेंडू चामड्याचा, आणि माणसं एकमेकांवर अशी आदळतात की आपल्याच छातीत धस्स होतं. ही हिंसा मला आजही पटत नाही, हे आधीच सांगते. पण नातू मागे आला आणि म्हणाला, "आजी, तू त्र्याहत्तर नंबरच्या माणसाला बघ. तो कुणाचा चेंडू हिसकावत नाही. तो फक्त मागच्याला वाचवतो."

त्याचं नाव जो थॉमस. खेळ थोडक्यात असा. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू फेकणाऱ्याला म्हणतात क्वार्टरबॅक, सगळं कौतुक त्याचं. त्याच्यापुढे पाच दांडगी माणसं भिंतीसारखी उभी असतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे वळते, म्हणून तिकडून कोण धावून येतंय ते त्याला दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या बाजूला जो उभा. तो चेंडूला सहसा हात लावत नाही. त्याच्या नावावर यार्ड नाहीत, गुण नाहीत. मी बी.कॉम. आहे; माझ्या भाषेत सांगायचं तर या माणसाच्या खात्याला जमा बाजूच नाही. काम चोख झालं तर काहीच घडत नाही, आणि चुकलं तर सगळं स्टेडियम बघतं. आपल्याला हे काम ओळखीचं वाटतं ना?

अशा कामात तो दहा वर्षं ओळीने त्या लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला. आणि संघ? मी कागद घेऊन बेरीज केली. २००७ मध्ये तो आल्यापासून त्या ऑक्टोबरात तो बाहेर पडेपर्यंत १६७ सामने. जिंकले ४८, हरले ११९. बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मुख्य प्रशिक्षक सहा झाले. ज्यांची पाठ त्याने राखली ते क्वार्टरबॅक तब्बल वीस झाले. एखाद्या घरात अकरा वर्षांत सहा कारभारी बदलले तर त्या घराचं काय होईल!

इतका चांगला खेळाडू इतक्या वाईट संघात का, असं मी मुलाला विचारलं. तेव्हा कळलं की तिथे नियमच तसा आहे. कॉलेजातून येणारी मुलं निवडताना आदल्या वर्षी सगळ्यांत मागे राहिलेल्या संघाला पहिला मान मिळतो. म्हणजे मुलगा जितका गुणी, तितकं पडकं घर त्याच्या नशिबी येण्याची शक्यता जास्त. सासर निवडायचा हक्क नाही. निवडीच्या दिवशी बाकीची मोठी नावं न्यूयॉर्कच्या समारंभात सूट घालून बसली होती आणि जो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरत होता. (मासेमारीचं मी समर्थन करत नाही, पण तो झगमगाट त्याला नको होता, एवढं खरं.)

असा तो एकटाच नाही. न्यू ऑर्लिन्सच्या संघाचं नाव सेंट्स, म्हणजे संत. तिथे १९७१ साली आर्ची मॅनिंग नावाचा क्वार्टरबॅक आला. १९७८ मध्ये तर अर्ध्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचं नाव झालं, पण त्या वर्षीही संघ ७ जिंकला आणि ९ हरला. १९८० मध्ये सोळापैकी पंधरा हरले, तेव्हा प्रेक्षक डोक्यावर कागदी पिशव्या चढवून बसायचे, कुणी ओळखू नये म्हणून. त्याची दोन मुलं, पेटन आणि इलाय, पुढे दोन-दोनदा सुपर बोल जिंकली. बापाच्या वाट्याला बाद फेरीसुद्धा नाही.

आणि डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स. याला बाद फेरी बघायला मिळाली, पण दहा वर्षांत तिथला विजय एकच. मात्र हा माणूस मला जोच्या खालोखाल आवडला. चेंडू घेऊन पळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गुण मिळवल्यावर बाकीचे नाचतात, हा चेंडू शांतपणे पंचाच्या हातात द्यायचा. पहिल्याच वर्षी, १९८९ मध्ये, शेवटच्या सामन्यात सर्वाधिक यार्डांचा मान त्याच्यापासून फक्त दहा यार्डांवर होता. प्रशिक्षकाने विचारलं, जातोस का मैदानात? सामना हातात आला होता, तो म्हणाला नको. मान कषायावर आपण प्रवचनं ऐकतो, मार्दव धर्माच्या दिवशी डोळे पुसतो, आणि घरी येऊन हळदीकुंकवाला पहिलं कुणाला बोलावलं यावर आठवडा काढतो! १९९९ मध्ये सर्वकालीन विक्रमाला १,४५७ यार्ड कमी असताना तो निवृत्त झाला. गावाकडच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून कळवलं, बस्स.

जोने मात्र सोडलं नाही. २०१५ साली त्याला डेन्व्हरच्या संघाकडे देण्याची बोलणी अगदी शेवटाला येऊन फिसकटली. त्याच हंगामात डेन्व्हरने सुपर बोल जिंकला. हे ऐकल्यावर मला आपला चौका आठवला. महाराजांच्या आहारासाठी पहाटेपासून सोवळ्यात राबायचं, पाणी गाळायचं, दाणा न् दाणा निवडायचा. पडगाहन होतं, आणि चौथ्या घासाला अंतराय येतो. महाराज हात सोडून उठतात. त्यांच्या चेहऱ्यावर काही नसतं, पण चौक्यातली प्रत्येक बाई आपल्याच हातांकडे बघत राहते. अंतराय कर्माचे पाच प्रकार आपण पाठ करतो. या माणसाला वीर्यांतराय नव्हता, लाभांतराय मात्र जबर होता. आता संघाच्या हरण्यातलं कर्म नक्की कुणाचं, हे मला माताजींना विचारायचं आहे. अजून धीर झालेला नाही.

त्या वर्षी भाऊबीज शनिवारी होती. दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबरला, टेनेसीच्या संघाबरोबर सामना. मी सुनेसाठी डिंकाचे लाडू वळत होते. तिसऱ्या सत्रात जो डावा दंड धरून खाली बसला. पहिल्या सामन्यापासून त्याने एकही डाव चुकवला नव्हता. १०,३६३ डाव झाले होते, आणि तो आकडा तिथेच थांबला. नातू रडायला लागला. आमचे हे खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेले आणि म्हणाले, "आता त्याच्या जागी उभं कोण राहणार?"

माझा लाडू हातातच राहिला.

आमचं भावाभावांचं कापडाचं दुकान होतं. ह्यांनी एकतीस वर्षं रोज सकाळी साडेनऊला कुलूप उघडलं. ताप असला तरी उघडलं. माल काय घ्यायचा, उधारी कुणाला द्यायची, हे ठरवणारे दुसरेच होते. शेवटी २००९ मध्ये दुकान बंद झालं. हिशेब मी लिहायची. दर पाडव्याला नवी वही उघडताना मी ह्यांना म्हणायची, "यंदा तुमचा एवढा तोटा." दुकानाचा नव्हे, तुमचा. एकतीस वर्षांत ह्यांनी मला एकदाही दुरुस्त केलं नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या बाईने कुणाचा तोटा कुणाच्या नावे लिहिला, ते मला परक्या देशात, परक्या खेळासमोर बसून कळलं. तेव्हा मी काही बोलले नाही. लाडू संपवले.

ब्राउन्स त्या वर्षी सोळाच्या सोळा हरले. जानेवारीत हाडं गोठवणाऱ्या थंडीत लोकांनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकारात मिरवणूक काढली. मार्चमध्ये जोने निवृत्ती जाहीर केली. पुढे वजन पन्नासेक पौंड उतरवलं. इतकी वर्षं ते टिकवण्यासाठी पोट फुटेस्तोवर खावं लागायचं म्हणे. आपल्या ऊनोदरी तपाच्या अगदी उलट. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कँटन गावी त्याला तिथल्या सर्वोच्च मानकऱ्यांत बसवलं, तेही पात्र झाल्यावर पहिल्याच वर्षी. नातवाने फोनवर सगळं दाखवलं. हे चष्मा पुसत बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून दुकानाचे जुने रोजमेळ काढायला लावले. प्रत्येक पानावर तारीख ह्यांच्या अक्षरात. हे म्हणाले, "अगं, आता कशाला धूळ उडवतेस? किती तोटा झाला ते तुला तोंडपाठ आहे."

म्हटलं, "तोटा नाही, दुकान किती दिवस उघडलं ते मोजतेय."

"किती झाले?"

"अजून सहाच वर्षं झालीत. तुम्ही चहा टाका."