वेळापत्रक नसलेला अंधार

भारनियमनाच्या काळात आमच्याकडे लाईट जायची ती वेळापत्रकानं. 2005 नंतरची ती सात-आठ वर्षं मराठवाड्यात ज्यांनी काढली, त्यांना आठवत असेल. वीजगळती आणि थकबाकी जास्त असलेल्या फीडरला जास्त तास अंधार, असे गटच पाडलेले होते आणि कोणत्या गटाला किती ते पेपरात छापून यायचं. लातूर जिल्ह्यातल्या औशाला माझी आई त्या तासांवर घर चालवायची. मोटार कधी लावायची, दळण कधी टाकायचं, मुलांनी अभ्यासाला कधी बसायचं, सगळं त्या कागदावरून. लाईट जाणार हे ठाऊक असायचं, तसं ती येणार हेही ठाऊक असायचं. घरोघरी इन्व्हर्टर आले ते त्या दिवसांत आणि त्याच हिशोबानं: तीन-चार तास ढकलायचे, मग लाईट येते, बॅटरी पुन्हा भरते.

आता लाईट जाते ती वेगळ्या कारणांनी. अवकाळीच्या वाऱ्यात खांब आडवे होतात, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते, नदीकाठचं सबस्टेशन पाण्यामुळे बंद ठेवावं लागतं. अशी गेलेली लाईट कधी येईल ते लाइनमनलाही सांगता येत नाही, कारण तार कुठे तुटली हे शोधायलाच त्याला चिखलातून मैलोगणती चालावं लागतं. आपली तयारी मात्र अजून जुन्या वेळापत्रकाचीच आहे. हे मला नीट कळलं ते अण्णांच्या आजारपणामुळे.

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत अण्णा, म्हणजे माझे वडील, वाचले. पण फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ठेवायला सांगितला. मिनिटाला दोन लिटर, रात्रभर आणि दिवसाही बराच वेळ. मी नांदेडला असते, भाऊ पुण्यात. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर करत औशाला पोचायला चार तास जातात, आणि पावसाळ्यात ओढ्यांना पाणी असलं तर त्याहून जास्त. अडचणीच्या वेळी मी धावत जाईन, या भरवशावर काहीच ठेवता येत नव्हतं. जे करायचं ते आईला एकटीला अंधारात करता आलं पाहिजे.

गल्लीतल्या वायरमनकाकांना बोलावलं. इन्व्हर्टरची बॅटरी 150 एएचची होती, नवीच. त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं मांडलं: 150 गुणिले 12 व्होल्ट, म्हणजे 1800 वॅट-तास. हा झाला कागदावरचा आकडा. बॅटरी पार कोरडी होईपर्यंत पिळायची नसते, थोडी वीज इन्व्हर्टर स्वतः खातो, आणि भार मोठा असला की ती आणखी लवकर उतरते. हाती लागतात हजार-बाराशे. मग त्यांनी मशीन फिरवून मागची पट्टी वाचली. 350 वॅट.

"ताई, घरातलं समदं बंद करून निस्तं मशीन चालवलं तरी तीन-साडेतीन तास. रात्र निघत नाही."

"मग अजून एक बॅटरी जोडू."

"जोडा की. पन दोन दिवस लाईट आली नाही, तर ती भरायची कशानं?"

लांबलेल्या अंधाराची सगळी गोष्ट या प्रश्नात आहे, असं मला आजही वाटतं. बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास अखंड लाईट लागते. तुटलेली तार तेवढे तास देणार नसेल, तर दुसरी बॅटरी म्हणजे फक्त आणखी तीन-साडेतीन तास. त्यामुळे आम्ही प्रश्नच बदलला. घर किती तास चालेल हे विचारायचं सोडून एकेका वस्तूचं नाव घेऊन विचारायला लागलो: ही बंद पडली तर काय होईल, आणि विजेशिवाय तिचं काम कशानं होईल?

अण्णांच्या श्वासाचं उत्तर बॅटरीत नव्हतं, सिलिंडरमध्ये होतं. छोट्या बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटरनं साडेबारा तास. मोठ्या जम्बोत 7000 लिटर, म्हणजे त्याच धारेनं अठ्ठावन्न तास, दोन रात्री आणि वर काही. त्याला वायर नाही, बटण नाही, चार्जिंग नाही. लातूरहून एक मोठा आणि एक छोटा आणला. मोठा भिंतीतल्या हुकाला साखळीनं बांधला, कारण तो पडून तोटी तुटली तर सिलिंडर घर फोडू शकतो.

मग आईला शिकवलं. तिचं वय सत्तरीचं, गुडघे दुखतात, पण हात पक्के. पाना सिलिंडरलाच सुतळीनं बांधला, म्हणजे अंधारात शोधायला नको. तोटी डावीकडे, सावकाश. काटा दीडशेच्या आसपास असला तर सिलिंडर भरलेला. मग फ्लोमीटरमधली गोळी दोनच्या रेघेवर आणायची आणि पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात का ते बघायचं. एक गोष्ट तिला दहादा सांगावी लागली, कारण तिच्या सवयीविरुद्ध होती: डोक्याला खोबरेल लावलेल्या हातांनी रेग्युलेटरला शिवायचं नाही, आधी साबणानं धुवायचे. ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल पेट घेतं. त्याच कारणानं अण्णांच्या खोलीतला देव्हारा बाहेरच्या सोप्यात नेला. लाईट गेली की मेणबत्ती लावायची आपली सवय जुनी. त्या खोलीत आता फक्त बॅटरीवरचा दिवा. आईला देव हलवणं जड गेलं. पण अण्णांनी स्वतः फोटो उचलून दिले, तेव्हा ती काही बोलली नाही.

मशीन इन्व्हर्टरवरून काढल्यावर त्याच बॅटरीची ताकद एकदम वाढली. जुने पंखे प्रत्येकी पंचाहत्तर वॅटचे होते. त्यांच्या जागी बीएलडीसी लावले, तीस वॅटच्या आसपास खाणारे. दोन पंखे, तीन एलईडी आणि मोबाईल, सगळं मिळून शंभर-सव्वाशे वॅट. हीच बॅटरी आता दहा-अकरा तास जाते. पैसे खर्चायचे असतील तर दुसऱ्या बॅटरीच्या आधी पंखे बदला, असं मी ज्याला-त्याला सांगते.

आईच्या इन्सुलिनसाठी फ्रिज चालू ठेवायचा आटापिटा केला नाही. वापरात असलेली बाटली थंड सावलीच्या जागी महिनाभर टिकते, पण आमच्याकडे मेमध्ये पारा बेचाळीस ओलांडतो. म्हणून एका मडक्यात दुसरं लहान मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, आत डबीत बाटली. बर्फावर थेट ठेवायची नाही, गोठलं तर ते औषध राहत नाही.

पाण्याचं आम्हा लातूरकरांना शिकवावं लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही पाहिलंय. त्याआधी 2013 च्या फेब्रुवारीत पाणीच नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पाणी आणि वीज मराठवाड्यात एकमेकींचा हात धरूनच जातात. बोअरची मोटार सुरू होताना जो झटका घेते तो घरगुती इन्व्हर्टरला पेलत नाही. तेव्हा गच्चीवरची भरलेली टाकी हीच पाण्याची बॅटरी. आभाळ भरून आलं की आधी मोटार, मग बाकीचं, हा आता आमच्या घरचा नियम आहे.

मेमधल्या एका अवकाळीत हे सगळं कसाला लागलं. संध्याकाळी सातला वारा सुटला, पत्रे उडाले, गावाबाहेर खांब पडले. मी नांदेडला फोन कानाला लावून बसलेले. आई म्हणाली, "लाईट गेली. थांब, ठेव फोन." थोड्या वेळानं तिचाच फोन आला: गोळी दोनवर आहे, बुडबुडे येतायत, अण्णा चहा मागतायत. लाईट आली दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर. काटा तेव्हा निम्म्याच्या थोडा वर होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण गाडी काढून वादळात निघावं लागलं नाही.

सौरऊर्जेबद्दल लोक फार विचारतात. पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान मिळतं आणि नांदेडमध्ये कितीतरी गच्च्यांवर पॅनेल चढली. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांना वाटतं, आता लाईट गेली तरी आपलं घर उजळलेलं राहणार. तसं होत नाही. बॅटरी नसलेली, मीटरला जोडलेली यंत्रणा ग्रीड बंद पडताच आपणहून बंद होते, भर उन्हातसुद्धा. तसं ती मुद्दाम केलेली असते, नाहीतर गच्चीवरची वीज तारेत उतरून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेईल. लांबलेल्या अंधारासाठी बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा तरी हवी, नाहीतर इन्व्हर्टरची बॅटरी भरणारी दोन स्वतंत्र पॅनेल. औशाला आम्ही दोन पॅनेल लावली. ढगाळ दिवशी ती फार थोडं देतात, पण मोबाईल आणि एक पंखा चालतो, आणि वायरमनकाकांच्या प्रश्नाला थोडंतरी उत्तर मिळतं.

जनरेटरच्या बाबतीत मी कठोर आहे. दुकानदार तो पायरीवर ठेवतात, ते ठीक. घरात, जिन्याखाली, बंद व्हरांड्यात नाही. त्याच्या धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही आणि झोपेतच माणसं जातात. भिंतीतल्या सॉकेटमध्ये त्याची वायर खोचून अख्खं घर उजळवायची युक्ती तर गुन्हाच समजते मी. ती वीज उलटी डीपीत जाते आणि तिथून 11 हजार व्होल्टची होऊन लाईनवर चढते. घराला बाहेरच्या लाईनपासून तोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचला असा किती खर्च येतो?

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, लोकांना काढायला लष्कर बोलवावं लागलं. त्या दिवसांत नांदेडला पंख्याखाली बसून माझ्या मनात एकच यायचं: तिथे कुणाच्या घरी मशीन असेल तर? अंधारात येणारं संकट आमच्याकडे नवं नाही. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास झाला, उजाडायला दोन तास होते. तेव्हा घरोघरी अशी यंत्रं नव्हती. आज आहेत, गावोगावी आहेत, आणि कोणत्या घरात कोण मशीनवर आहे याची नोंद फक्त शेजाऱ्यांच्या डोक्यात असते.

म्हणून यंदा मृगाच्या आधी आईनं आणि आशा कार्यकर्तीनं मिळून गल्ल्या फिरून एक यादी केली. घर, माणूस, मशीन, सिलिंडर आहे की नाही, पोचायचा रस्ता. एक प्रत लाइनमनकडे, एक नगरपरिषदेत, एक किराणा दुकानाच्या दारावर. अण्णांचं नाव त्यात दुसरं आहे. पहिलं पलीकडच्या गल्लीतल्या आजींचं, कारण त्यांच्याकडे सिलिंडर अजून आलेला नाही. तो येईपर्यंत आमचा छोटा त्यांच्याकडे नेऊन ठेवलाय, पाना सुतळीनं बांधून.