परतीची नळी

"मिस्त्री, गाडी चढाला दम सोडते. टर्बो टाकून द्या." असं म्हणत कुणी जुनी कमांडर नाहीतर मार्शल जीप दारात उभी केली, की मी पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारतो. ऑईल कधी बदललं? एअर फिल्टर शेवटचा कधी काढला? धूर काळा येतो की निळा? आमच्या बदनापूरच्या आसपासची काळी माती, उन्हाळ्यात उडणारा फुफाटा आणि कापसाच्या दिवसांतला तुसांचा धुरळा यांनी फिल्टर गच्च भरलेला असतो. कधी नोझल गळत असतात, कधी क्लचप्लेट घसरत असते. एवढं नीट केलं तरी बऱ्याच गाड्यांचा दम परत येतो आणि मालकाचे पैसे वाचतात. टर्बोची गोष्ट त्यानंतरची आहे.

टर्बो काय करतो हे मी प्रत्येकाला समजावून सांगतो. इंजिन हवा ओढतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पिस्टन खाली गेला की बाहेरच्या हवेचा दाब हवेला आत लोटतो. आत हवा जेवढी जाईल तेवढंच डिझेल स्वच्छ जळतं. आपला मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे, म्हणजे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के कमीच. त्यात मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की हवा आणखी विरळ होते. मोसंबीच्या क्रेटांनी भरलेली गाडी भर उन्हात जालन्याच्या वाटेवर रडते, त्याचं एक कारण हे आहे. दुसरीकडे जळलेल्या डिझेलच्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून फुकट जातो. त्या वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोची सगळी कल्पना.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर विमानाचं लिबर्टी इंजिन नेऊन चाचणी घेतली. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर त्याने तिथेच ३५६ दिली. आमच्या गावात मात्र टर्बो आधी आला तो रेल्वेने. मनमाड–सिकंदराबाद मार्गावर बदनापूर स्टेशन सोडताना डिझेल इंजिनाची जी चढत जाणारी शीळ ऐकू यायची, ती टर्बोचीच. सोळा सिलिंडरच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाची २६०० अश्वशक्ती त्याच्या जोरावर होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. बिनटर्बोच्या इंजिनाला टर्बो जोडायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तो चकचकीत गोगलगायीच्या आकाराचा भाग येतो. माझ्या डोळ्यांपुढे ऑईल येतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, लहान टर्बोत त्याहूनही जास्त. त्या वेगाला तो बेअरिंगच्या धातूला टेकून फिरूच शकत नाही. बुश आणि दांडा यांच्यामधल्या ऑईलच्या पातळ थरावर तो तरंगतो. एका बाजूला सहाशे-सातशे अंशांचा धूर आणि बोटभर अंतरावर हे ऑईल. म्हणून इंजिन आतून कसं आहे हे आधी बघावं लागतं. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढतो. तिथून धुराचे भपकारे येत असतील तर रिंगा-लायनर झिजलेत, कॉम्प्रेशन खाली उतरून ऑईलच्या चेंबरमध्ये दाब धरतंय. अशा इंजिनाचं आधी पूर्ण काम करायचं, नाहीतर टर्बोचा विषय सोडायचा.

कारण तो चेंबरचा दाब सगळ्यात आधी परतीची नळी अडवतो. टर्बोला ऑईल नेणारी नळी बारीक असते. पंपाचा दाब मागे असल्याने तिला कुठूनही वळवून नेता येते. ऑईल परत चेंबरमध्ये आणणारी नळी मात्र जाड लागते, कारण टर्बोतून बाहेर पडणाऱ्या ऑईलला कसलाच दाब उरलेला नसतो. ते फेसाळलेलं असतं आणि केवळ उतारावर खाली येतं. शेतातल्या चराला जसा सलग उतार लागतो, मध्ये उंचवटा आला की पाणी तुंबतं, तसंच हे. नळी सरळ खाली यायला हवी, तिला कुठेही पोट पडता कामा नये, आणि ती चेंबरमध्ये ऑईलच्या पातळीच्या वर उघडायला हवी. यातलं एक जरी चुकलं तरी ऑईल टर्बोतच तुंबतं, रिंगसीलमधून पलीकडे जातं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. मग मालक म्हणतो टर्बो गेला, दुकानदार म्हणतो माल चांगला होता. नवा टर्बो आणून बसवतात, तोही तसाच धूर देतो. दुसऱ्या ठिकाणी असे दोन-दोन टर्बो बदलून आलेल्या गाड्या मी फक्त परतीची नळी बदलून सरळ केल्या आहेत. नळीची किंमत टर्बोच्या मानाने किरकोळ असते.

ऑईलच्या नळ्यांच्या जोडाला सिलिकॉन लावायची सवय मी माझ्या पोरांची मोडली. जोड आवळला की जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतं, तुकडा सुटतो, बारीक वाटेत अडकतो आणि दांडा कोरडा पडतो. तिथे फक्त कोरडी पॅकिंग. नवा टर्बो बसवला की त्याच्या तोंडात हाताने ऑईल भरायचं, दांडा बोटाने फिरवून बघायचा, मग डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारायचा. ऑईलचा दिवा विझला की मगच इंजिन सुरू करायचं, आणि काही मिनिटं रेस न करता स्लोवर ठेवायचं. पहिल्याच सेल्फला गाडी रेस करून शिट्टी ऐकायची हौस टर्बोचं आयुष्य खाऊन टाकते.

हवा वाढली तर डिझेलही त्याच मापाने वाढायला हवं. हे काम मी करत नाही, पंपवाल्याकडे पाठवतो, कारण ते टेस्ट बेंचवर मोजून करायचं काम आहे. पंपाचा स्क्रू अंदाजाने पिळून काळ्या धुराचे लोट सोडत जाणारी गाडी ताकदवान वाटते. खरं तर ती न जळलेलं डिझेल आणि पिस्टनचं आयुष्य बाहेर फेकत असते. दाबलेली हवा तापते, हेही लोकांच्या लक्षात येत नाही. चाळीस अंशांच्या दिवशी पाऊण बारच्या आसपास दाब दिला की टर्बोतून निघणारी हवा शंभर अंशांच्या पुढे जाते. तापलेली हवा पुन्हा विरळ, म्हणजे अर्धी कमाई तिथेच बुडाली. म्हणून रेडिएटरसमोर इंटरकूलर लागतो. तो बसवला की रेडिएटरची हवा अडते, म्हणून रेडिएटर साफ आणि पंखा धड हवा. मॅनिफोल्ड बिडाचाच हवा. पत्रा वेल्डिंग करून बनवलेला उष्णतेने तडकतो. जवळून जाणाऱ्या वायरी, ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या पत्र्याच्या आडोशाने झाकायच्या. हेड पॅकिंग, क्लचप्लेट आणि सगळ्यात शेवटी ब्रेक, हे सगळं वाढलेल्या ताकदीच्या हिशोबाने बघायचं.

कारखाना टर्बो देतो तेव्हा एवढा सगळा विचार करूनच देतो. १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन पन्नाशीच्या थोडं पुढे अश्वशक्ती द्यायचं. त्याच इंजिनाच्या टर्बोवाल्या आवृत्तीने सत्तरीच्या आसपास मजल मारली. त्यामागे इंजिनिअरांनी टेस्ट बेंचवर काढलेला मोठा काळ होता. गॅरेजमध्ये आपण तीच उडी घेतो तेव्हा हिशोब निदान तेवढाच कडक हवा.

आणखी एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला काम सुरू करण्याआधी सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो. म्हणून मूळ टर्बो नसलेल्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आरटीओची लेखी मंजुरी दाखवल्याशिवाय मी टर्बो लावत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन जातं, जाऊ दे. माझं बरंचसं काम आता मूळचा टर्बो गेलेल्या बोलेरो, पिकअप, सुमो गाड्यांना बाजारातला टर्बो बसवण्याचं आहे, आणि वर सांगितलेलं ऑईलचं, उष्णतेचं, धुळीचं सगळं तिथेही तितकंच लागू पडतं. जुना टर्बो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणं.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि आमच्या भागातल्या गाड्यांची चाल बदलली. पूर्वी खड्ड्यांमुळे इंजिनाला आपोआप उसंत मिळायची. आता तासन्‌तास एका दाबात गाडी पळते, टर्बो लालबुंद होतो, आणि चालक थांबल्याबरोबर चावी फिरवतो. ऑईलचा पुरवठा तुटतो, दांड्यावरचं ऑईल जागच्या जागी जळून कोळसा होतं. चालकदादांना माझं कळकळीचं सांगणं आहे: थांबल्यावर एक-दोन मिनिटं गाडी स्लोवर राहू द्या, मग बंद करा. ऑईल चांगलं वापरा आणि ठरलेल्या किलोमीटरच्या आधी बदला. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर स्वतः उघडून बघा. एवढं केलंत तर टर्बोसाठी माझ्याकडे यायची वेळ फार उशिरा येईल, आणि मला तेच हवं आहे.