तबकडीचा भरंवसा

कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याचें हें आमचें अंकुशनगर. गोदामांतील साखरेस ओल लागूं नये म्हणून किती दक्षता घ्यावी लागते, हें येथील लहान पोरहि जाणतें. अशा गांवीं राहून आम्हीं मात्र मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्या एकाच हार्ड डिस्कवर ठेवून निर्धास्त झालों होतों! मातोश्री गेल्या. गेल्या वैशाखांत त्यांचा आवाज ऐकावा म्हणून डिस्क जोडली, तों आंतून नुसती टकटक ऐकूं आली. जाणत्यांच्या खटपटीनें निम्म्या ओव्या हातीं लागल्या. निम्म्या कायमच्या गेल्या.

नवी डिस्क घेणें भागच होतें. आमचे भाचे उत्साहानें म्हणाले, "मामा, सोळा टेराबाइटची दोन हजारांत मिळते आहे!" बाजारभावाशीं इतकी विसंगत किंमत दिसली कीं हात आंवरावा. अशा कित्येक डब्यांत लहानशी स्मृतिपट्टी असते. ती संगणकास खोटें माप सांगते आणि जागा संपली कीं जुन्या मजकुरावरच नवा लिहीत सुटते. याउलट चार टेराबाइटची खरी डिस्क संगणकावर 3.63 दिसते, ती मात्र लबाडी नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, संगणक 1,024 च्या, फरक एवढाच.

1956 सालीं आयबीएमनें काढलेल्या पहिल्या डिस्कयंत्रांत 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि त्यांवर मावत असत सुमारें 50 लाख अक्षरें. आज हातांत मावणाऱ्या चार टेराबाइटच्या डब्यांत त्याच्या आठ लाख पट मजकूर राहतो. परंतु त्यांतील वाचणारें टोंक फिरत्या तबकडीवर अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरानें तरंगत असतें. एक धक्का पुरे होतो. कांहीं डिस्कांत लेखनाच्या पट्ट्या मंगलोरी कौलांप्रमाणें एकीवर एक चढविलेल्या असतात. त्या स्वस्त पडतात; पण मधली एक पट्टी बदलावयाची तर पुढच्या कित्येक पुन्हां लिहाव्या लागतात. एकदां भरून ठेवण्यास त्या चालतील. नित्य फेरफाराच्या कामास नकोत.

मग भरंवशाची कोणती? अमेरिकेंतील बॅकब्लेझ कंपनी आपल्या किती डिस्का निकामी झाल्या याचे आंकडे 2013 पासून प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांवरून दिसतें तें हें कीं, एकाच कारखान्याची एक जात चांगली टिकते, दुसरी लवकर मरते, आणि अमर अशी जात कोणतीच नाहीं. हमी तीन वर्षांची असो वा पांच. तिच्या बळावर डिस्क बदलून मिळते, आंतील आवाज नव्हे.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणींतून तेराव्या दिवशीं कोरड्या वर आल्या, असें परंपरा सांगते. चमत्कार ज्याचा त्यानें मानावा. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, संताजी जगनाड्यांनीं अभंग लिहून घेतले आणि वारकऱ्यांनीं ते मुखोद्गत केले; एका वहीवर सारा भार राहिला नाहीं.

म्हणून एक मोठी घेण्याऐवजीं आम्हीं दोन बेताच्या डिस्का घेतल्या, त्याहि निरनिराळ्या कारखान्यांच्या. आणल्याबरोबर त्या कांठोकांठ भरून, पुन्हां वाचून, तपासल्या. एक आमच्या कपाटांत आहे, दुसरी जालन्यास भाच्यांच्या घरीं. दर पाडव्यास दोन्ही उघडून पाहावयाच्या, असा नेम केला आहे.

वांचलेल्या ओव्यांपैकीं एक मध्येंच तुटते. तिचा पुढील चरण आमच्या वडील भगिनीस कदाचित् ठाऊक असेल. त्यांचें वय ऐंशीच्या घरांत आहे. येत्या रविवारीं आम्ही त्यांच्याकडे जाणार आहों.