घोट्यातला आवाज

अहो, रक्त ऐकू येतं! पन्नाशी गाठली, तरी मला हे ठाऊक नव्हतं.

आमचे अण्णा, म्हणजे थोरले काका, महिनाभर रात्र रात्र पाय खाटेखाली सोडून बसत. आडवं झालं की पावलात आग, पाय लोंबता ठेवला की जरा बरं. संधिवात समजून आम्ही तेल चोळत राहिलो. मग अंगठा काळा पडू लागला आणि एका डॉक्टरांनी सांगून टाकलं, ‘पाय काढावा लागेल.’ काकू तिथेच खाली बसली.

दुसरं मत घ्यायला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी डॉपलर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं पेनाएवढं यंत्र, अण्णांच्या घोट्यामागे टेकवलं. आधी नुसती खरखर, मग लांबून कुणी दमून चालत यावं तसं ‘हूऽऽ... हूऽऽ’. गंमत म्हणून माझ्या घोट्याला लावलं, तर ‘ठुप-ठप! ठुप-ठप!’ मी खुर्चीतून उठलोच! मग रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तोच पट्टा घोट्याला. दंडात 150, घोट्यात 60. भागाकार 0.4. निरोगी माणसाचा तो 1 च्या आसपास असतो, 0.9 च्या खाली गेला की रोहिणी तुंबली म्हणायची. पाय जाणार की राहणार याचा अंदाज चौथीतल्या गणिताने! (मधुमेहात रोहिण्या कडक होतात, हा आकडा फसवतो, म्हणून अंगठ्याचा दाब घेतात.)

अण्णांच्या मांडीतली रोहिणी फुगा घालून उघडली. ते जागेच होते, पडद्यावर बघत होते.

त्या रात्री मला झोप कुठली! वाचत सुटलो. 1964, अमेरिकेतलं पोर्टलंड. 82 वर्षांची बाई, पावलाला गँगरीन, पण पाय कापायला साफ नकार. चार्ल्स डॉटर यांनी एकात एक सरकणाऱ्या नळ्या घालून तिची मांडीतली रोहिणी रुंद केली. पाय वाचला! एका आजीच्या हट्टातून केवढं शास्त्र उभं राहिलं. फुगा नंतरचा, 1974 चा, झुरिकच्या ग्रुंट्सिग यांचा.

मग फुगाच बरा? तसं नाही. 1830 रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये आला: पायातली चांगली शीर मिळत असेल, तर ती जोडून अडथळ्याला वळसा घालणारा बायपास सरस. मृत्यू किंवा पायावरचं मोठं संकट बायपासनंतर 43 टक्क्यांना, फुग्यानंतर 57. पुढच्याच वर्षी मुख्यतः ब्रिटनमधल्या 345 जणांच्या अभ्यासात, गुडघ्याखालच्या अडथळ्यांच्या बाबतीत, नेमकं उलटं! आकडे दोन्हीकडे कठोरच आहेत. फुग्याने उघडलेली वाट पुन्हा बुजू शकते. म्हणून अण्णांची बिडी बंद, तपासणी चालू.

परवा पुन्हा डॉपलर लावलं. घोट्यात 120. ‘ठुप! ठुप!’ काकूने हात जोडले, यंत्राला!

तुमच्या घरात कुणी रात्री पाय खाटेखाली सोडून बसत असेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि आधी घोट्याचा दाब मोजून घ्या. आणि हो, डॉपलरचा आवाज मोठा करायला सांगा.