अडीच हजारांचा विद्यार्थी

मागच्या जूनमधली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी मला रस्त्यात थांबवलं आणि मोबाईल पुढे केला. "भाऊ, बघा बरं, हे कशाचे पैसे आलेत." बँकेचा मेसेज होता, पंधराशे रुपये जमा. त्यांचा मुलगा आयटीआयला वायरमन ट्रेड करत होता, त्याच्या शिष्यवृत्तीतला हा केंद्राचा हिस्सा. मुलगा मात्र जानेवारीतच आयटीआय सोडून चाकणला ठेकेदाराकडे लागला होता.

त्याचा अर्ज मीच भरून दिला होता, म्हणून हे लिहितोय.

दरवर्षी आम्ही चार-पाच जण विहारात लॅपटॉप घेऊन बसतो आणि महाडीबीटीचे फॉर्म भरून देतो. हे पोर्टल २०१७ साली आलं. त्याआधी आमच्या वेळी कॉलेजच्या खिडकीवर बाबू मोठ्याने ओरडायचा, "स्कॉलरशिपवाले इकडे!" आणि सगळा व्हरांडा वळून बघायचा. ती खिडकी गेली याचा मला आनंदच आहे. पण आता पोरगं कोणाशी भांडणार? अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, तिथून सुटला की समाजकल्याणच्या डेस्कला अडकतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका अक्षराने चुकलं की 'सेंड बॅक'. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजूर झालेला पैसाही येत नाही. या मुलाचा अर्ज दोनदा परत आला. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

आता आकडे बघा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के अशी वाटणी ठरवली. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. फी वेगळी मिळते. मी बोलतोय ते निर्वाह भत्त्याबद्दल. त्याचे चार गट आहेत. इंजिनिअरिंग-मेडिकलचा वसतिगृहात राहणारा विद्यार्थी पहिल्या गटात, त्याला वर्षाला १३,५०० रुपये. अकरावी-बारावी आणि आयटीआयची पोरं चौथ्या गटात. घरून येऊन-जाऊन शिकत असेल तर वर्षाला २,५००. महिन्याला २०८ रुपये, दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. आयटीआयचं राज्याचं विद्यावेतन तर वर्षानुवर्षं महिना ४० रुपये होतं. २०२४ मध्ये ते ५०० करायचं ठरलं, तेव्हा त्याची बातमी झाली.

आणि हे तरी कोणाला? कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल त्याला. ही मर्यादा २०१३ची. महिन्याला वीस हजार आठशेच्या वर घर गेलं की भत्ता बंद, फक्त फ्रीशिप उरते, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. याच राज्यात खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्याच्या फी सवलतीसाठी मर्यादा आठ लाख आहे. त्यांना मिळतं त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच, की गरिबीची रेघ आमच्या घरासमोर आली की इतकी खाली का वाकते?

बाबासाहेबांना बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ साली कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. पुढची गोष्ट कमी सांगतो. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं, तेही सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर. पैसा वेळेवर नसणं म्हणजे काय, हे त्यांनी भोगलं होतं. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी सरकारी पैशाचा आग्रह धरला, आणि १९४४ पासून ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू आहे.

आता आपल्याच घरातलं बोलतो, राग येईल तर येऊ द्या. बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानावर पोरं उपोषणाला बसली, मीही पाठिंब्याला गेलो होतो, पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. परदेश शिष्यवृत्तीच्या जागांवर आपण लेखांमागून लेख लिहितो. पण वायरमन, फिटर, वेल्डरच्या अडीच हजारांसाठी एक तरी मोर्चा काढलाय का? मला आठवत नाही. कारण आपले बोलणारे सगळे विद्यापीठातले. आयटीआयचा पोरगा सकाळी सातची एसटी पकडतो, त्याला निवेदन लिहिता येत नाही, आणि दोन वर्षांत तो निघून जातो. मीही इतकी वर्षं फॉर्म भरले, पण चौथा गट म्हणजे काय हे त्या पंधराशेच्या मेसेजनंतर बसून पाहिलं.

मागणी साधी आहे, निवेदन तयार आहे. चौथ्या गटाचा भत्ता महागाईशी जोडा, वर्षअखेरीऐवजी दर महिन्याला द्या, उत्पन्नमर्यादा आठ लाखांवर आणा. आणि अर्ज कोणाच्या लॉगिनला किती दिवस पडून होता, ते विद्यार्थ्याला तारखेनिशी दिसू द्या. तालुक्यातून आयटीआयच्या पोरांच्या सह्या गोळा करतोय. ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या गावात सुरू करा.

चाकणला मी फोन केला होता. "सर, प्रॅक्टिकलचे बूट आणि टूलकिट उधारीवर घेतलं होतं, दुकानदार घरी येऊन बसायला लागला," एवढंच म्हणाला. परत ये असं म्हणायचं होतं, पण कशाच्या जोरावर म्हणणार?

ताईंनी ते पंधराशे अजून काढलेले नाहीत. परवा पुन्हा भेटल्या, तेव्हा हळूच विचारलं, "भाऊ, पोरानं शाळा सोडली ना, मग हे सरकारला परत करावे लागतील का?"