गाड्यावरचं तेल

तळणीच्या तेलाचं पिंप उघडलं की पहिल्या वासातच निम्मी पारख होते. फरसाणच्या कारखान्यातलं तेल नुसतं जुनं वाटतं, हिंग-ओव्याचा वास अजून त्यात असतो. मोठ्या हॉटेलातलं त्याहून बरं. वडापाव, भजी, चायनीजच्या गाड्यांवरून गोळा केलेलं तेल मात्र झाकण निघताच घशाशी येतं. काळपट, चिकट, तळाला बेसनाचा जळका गाळ, आणि पावसाळ्यात त्यात पाण्याची भर. बायोडिझेलच्या धंद्यात असं तेल नाकारायचीच रीत आहे. मला ते हवं असतं. एन्झाईमवर काम करायला लागल्यापासून तर आवर्जून हवं असतं.

तेल बिघडतं ते कढईत. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. ओला बटाटा, भिजवलेलं पीठ कडकडीत तेलात पडलं की त्यातलं पाणी हे जोड तोडत राहतं आणि मेदाम्लं मोकळी होतात. आमच्या बोलण्यात ती ‘एफएफए’. तेच तेल दिवसामागून दिवस, वरून नवं ओतून तापवत राहिलं की एफएफए वाढत जातात.

बायोडिझेलची रुळलेली रीत कॉस्टिक सोड्याची. तेलात मेथॅनॉल आणि थोडं कॉस्टिक घालायचं, साठ अंशांच्या आसपास ढवळायचं, तासाभरात काम होतं. तेल चांगलं असेल तर या रीतीला तोड नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण एफएफए शेकडा दोन-तीनच्या वर गेले की कॉस्टिक तेलाकडे न जाता आधी त्यांनाच धरतं आणि साबण करतं. मग ग्लिसरॉलचा थर खाली बसत नाही, धुवायला पाणी घालावं तर टाकीभर फेस, आणि हाती यायचं इंधन धुवणाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. आधी सल्फ्युरिक ॲसिड वापरून एफएफए उतरवता येतात, पण टाक्या गंजतात आणि खर्च चढतो. म्हणून खरेदीदार गाड्यावरच्या तेलाकडे बघत नाही.

लायपेज हे एन्झाईम इथे कामाला येतं. आपल्या स्वादुपिंडातही एक लायपेज असतंच, जेवणातलं तूप-तेल तेच फोडतं. कारखान्यात वापरतो ते बहुतेक थर्मोमायसिस लॅन्युगिनोसस या उष्णताप्रिय बुरशीकडून आलेलं. १९८८ मध्ये ते कपडे धुण्याच्या पावडरीत आलं, तेलाचे डाग काढायला. पुढे २०१४ च्या अखेरीस डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सने बायोडिझेलसाठी द्रवरूप लायपेज बाजारात आणलं आणि छोट्या कारखान्यांनाही हा विचार करता येऊ लागला. लायपेजला जोडलेलं मेदाम्ल आणि मोकळं मेदाम्ल असा भेद नाही. दोन्हींना ते मेथॅनॉलशी बांधतं, दोन्हींचं बायोडिझेल होतं. साबण होतच नाही. जे तेल कॉस्टिकला सर्वांत जड जातं, ते याला चालतं.

पाण्याचंही तसंच. कॉस्टिकच्या रीतीत पाण्याचा थेंबही नको असतो. द्रव लायपेजला मात्र एक-दोन टक्के पाणी लागतंच. या रेणूच्या कामाच्या जागेवर एक झाकण असतं, आणि ते उघडतं तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर. ढवळणं जोरदार हवं ते यासाठी. पाण्याचे थेंब जितके बारीक, तितकी ती सीमा मोठी आणि काम करणारं लायपेज जास्त. ढवळणाऱ्या पंख्याचा वेग कमी पडला तर महागातलं एन्झाईम टाकीच्या तळाशी नुसतं पडून राहतं.

मेथॅनॉलशी मात्र त्याचं फार पटत नाही. लागणारं सगळं मेथॅनॉल एकदम ओतलं तर एन्झाईम मरतं. जपानात युजी शिमादा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की मेथॅनॉल टप्प्याटप्प्याने दिलं तर लायपेज पुन्हापुन्हा वापरता येतं. आमच्या कामाचा कणा हाच. टाकी चाळीस अंशांच्या आसपास धरायची, मेथॅनॉल बारीक धारेने तासन् तास सोडायचं, आणि जवळपास एक दिवस-रात्र वाट पाहायची. कॉस्टिकवाल्याला हा वेळ परवडत नाही. मला वाटतं, या रीतीत कसब आहे ते या धारेत. मेथॅनॉल विषारी आणि पेट घेणारं, तेव्हा टाकी बंद आणि शेड हवेशीर हवी, यात तडजोड नाही.

तपासणीचं पहिलं साधन ब्युरेट, एफएफए मोजायला. चंचुपात्रात मोजकं तेल, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि वरून अल्कलीचा एकेक थेंब. चांगल्या तेलात गुलाबी रंग लगेच दिसतो. गाड्यावरच्या तपकिरी तेलात तो लपतो. पांढऱ्या फरशीवर पात्र ठेवून, उजेडाकडे तोंड करून, हलवत राहावं लागतं. तपकिरीत लालसर झाक उमटते आणि टिकते, तिथे थांबायचं. शेवटी आणखी एक तपासणी: २७ मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये ३ मिलिलिटर बायोडिझेल घालून हलवायचं. सगळं विरघळलं तर काम झालं. तळाला तेलाचे मणी बसले तर टाकी अजून चालू ठेवायची.

एन्झाईमची मर्यादाही सांगायला हवी. टाकीत पाणी असल्याने शेवटी दोनेक टक्के एफएफए उरतात, आणि आयएस १५६०७ या आपल्या मानकात ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे आम्लतेचं माप, ०.५० च्या वर चालत नाही. म्हणून अखेरीस थोडं कॉस्टिक लागतं. फार तापून रेणू एकमेकांत गुंतलेलं, गोंदासारखं झालेलं तेल एन्झाईमनेही सुधारत नाही, इंधनाचं ऊर्ध्वपातन केलं की ते तळाशी उरतं. टाकीत खाली बसलेला जड थर मात्र फेकायचा नाही, त्यातलं एन्झाईम पुढच्या खेपेला वापरता येतं आणि ग्लिसरॉलही स्वच्छ मिळतं.

तळणीच्या तेलातले, बिघाडाने वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. त्याच वर्षी जुनं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ मोहीम सुरू झाली, आणि राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट ठेवलं. पण तेलाची नोंद ठेवायची सक्ती आहे ती दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांवर. गाडा त्याच्या खाली येतो. त्याचं तेल कुठल्याच वहीत नाही. त्याला घेणारा नाही म्हणून ते पुन्हा कढईत जातं, आणि त्यात तळलेलं पोरंसोरं खातात. माझ्या मते एन्झाईमची खरी गरज इथे आहे. चांगलं, एकसारखं तेल कॉस्टिकवाल्यांनी खुशाल न्यावं.

बायोडिझेल करणाऱ्यांना माझी विनंती आहे: एफएफए बघून तेल परत पाठवू नका, भाव कमी द्या पण घ्या. आणि गाडेवाल्यांनो, घरी दिवाळीचा फराळ करणाऱ्यांनो, तळणीचं तेल थंड झालं की गाळून झाकणाच्या डब्यात साठवा. त्यात गाडीचं इंजिन ऑइल चुकूनही मिसळू नका. मोरीत ओतू नका. तेल कितीही काळं झालेलं असो, आम्हाला द्या.