एका कान्याचा फरक

मनुष्यास आपल्या पूर्वजांची आठवण केव्हा होईल याचा काही नेम नसतो. कोणास ती पितृपक्षात होते, कोणास जमिनीच्या वाटणीच्या वेळी होते, तर कोणास मुलीचे लग्न जुळविताना, पलीकडच्या मंडळींनी गोत्र विचारले म्हणजे होते. आम्हांस ती झाली एका परक्या गृहस्थाच्या पूर्वजामुळे; आणि तो पूर्वजही साता समुद्रांपलीकडचा, आयर्लंडचा!

आमचा एक जुना विद्यार्थी डब्लिन शहरी नोकरीस आहे. त्याच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. विद्यार्थ्याचे गाव चंद्रपूर, हे कळताच त्या वृद्ध गृहस्थांनी त्यास विचारले, "तुमच्या त्या भागात 'चांदा' नावाचे एखादे गाव होते काय?" आजच्या नकाशात त्यांना ते सापडत नव्हते. सापडणार कसे? १९६४ सालीच चांद्याचे चंद्रपूर झाले. विद्यार्थ्याने आमचे नाव सांगितले आणि महिन्याभराने मास्तरांचे आठ पानी पत्र आमच्या हाती पडले.

त्यांच्या खापरपणजोबांचा बाप शेतमजूर होता. सन १८३० च्या सुमारास तो कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणीत दाखल झाला. त्यात नवल काही नाही. त्या काळी खुद्द इंग्लंडच्या राजाच्या फौजेत शेकडा चाळिसांहून अधिक शिपाई आयरिश असत, आणि कंपनीच्या बंगालकडील गोऱ्या पलटणींत तर त्यांचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. ज्या सत्तेने आपल्या देशाला नमविले तिचीच बंदूक खांद्यावर घेऊन दुसऱ्या देशाला नमवावयास निघालेल्या या माणसांचा आम्हांस प्रथम थोडा रागच आला. पण मग आठवले, की आमचे मूळ पुरुषही भोसल्यांच्या कारकुनीवर चांद्यास आले ते काही येथील गोंड राजांच्या वंशजांना विचारून आले नव्हते. रघूजी भोसल्यांनी गोंडांचे राज्य घेतले, राज्याला लेखणीची माणसे लागली, आणि आमच्या घराण्याची चूल पेटली. पोट हे असे सर्वत्र सारखेच. ते कोणत्या झेंड्याखाली भरते याची चौकशी मागाहून नातवंडे करतात.

मास्तरांचा माग काढण्याचा उद्योग वाचून आम्ही चकित झालो. आयर्लंडातील दप्तराची दशा फार वाईट. १९२२ च्या जून महिन्यात, तेथील यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनचे सार्वजनिक दप्तरखाने आगीत भस्मसात झाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांचे कागद, थोडे तुकडे वगळता, त्यांत गेले. त्यापुढच्या चार खानेसुमाऱ्यांचे कागद तर सरकारनेच आधी नष्ट करून टाकले होते. त्यामुळे १९०१ च्या अलीकडचीच खानेसुमारी पूर्ण मिळते. प्रॉटेस्टंट देवळांच्या पुष्कळ वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या दप्तरखान्यात आणून ठेविल्या होत्या, त्या जळाल्या. आणि गरीब कॅथलिक देवळांच्या वह्या गावोगावच्या पाद्र्यांच्या कपाटांतच पडून राहिल्या, म्हणून वाचल्या! २०१५ पासून त्या वह्यांची छायाचित्रे तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांस घरबसल्या पाहावयास खुली केली आहेत. अशाच एका वहीत मास्तरांना त्या शिपायाचा बाप्तिस्मा सापडला. बापाचे नाव, आईचे नाव, आणि विशेष म्हणजे आईचे माहेरचे आडनावही. तेथील कॅथलिक पाद्री बहुधा तेही लिहून ठेवीत.

पुढचा माग लष्कराने दिला. शिपाई भरती होताना त्याचे वय, उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग, जन्मगाव, पूर्वीचा धंदा, सारे टिपून घेत. हेतू प्रेमाचा नव्हे; पळून गेलाच तर ओळखून पकडता यावा, हाही त्यात होताच. पण दोनशे वर्षांनी त्या सावध कारकुनीमुळे एका म्हाताऱ्या मास्तरास कळले, की आपल्या पूर्वजाचे डोळे करडे होते व उंची साडेपाच फुटांहून थोडी अधिक. मास्तर लिहितात, "माझेही डोळे करडेच आहेत."

नंतर तो शिपाई कामठीस आला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील तैनाती फौजेसाठी कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये वसविलेली ही छावणी. ती फौज मद्रास इलाख्याची असल्यामुळे कामठीत जन्मलेल्या, लग्न झालेल्या व पुरलेल्या गोऱ्यांच्या नोंदी नागपूरच्या नावाखाली शोधून उपयोग नाही. त्या मद्रासच्या नावाखाली सापडतात. देवळांतील मूळ वहीची नक्कल मद्रासेस, तेथून लंडनला, अशा रीतीने बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या नकला तेथे साठत गेल्या, आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. माणूस मरून माती होतो. त्याची नक्कल मात्र जपून ठेवलेली असते.

त्या नकलेत मास्तरांच्या पूर्वजाच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे. बापाचे नाव, हुद्दा, पलटण. आईच्या रकान्यात एकच शब्द: 'मेरी'. आडनाव नाही, बापाचे नाव नाही, गाव नाही. ही मेरी इकडचीच कोणी बाई, बाप्तिस्म्याच्या पाण्यात तिचे जुने नाव धुऊन गेलेले, हे उघड होते. आणि मास्तरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एक शब्द तेवढा चालत आला होता, तोही इंग्रजी लिपीत, एका जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर. मास्तरांनी तो 'चांदा' असा वाचला होता व ते तिचे गाव असावे असा तर्क केला होता.

आम्ही तो शब्द वाचला आणि थबकलो. इंग्रजीत 'चांदा' हे गाव आणि 'चंदा' हे बाईचे नाव, दोहोंचे स्पेलिंग एकच! आमच्या लिपीत तेवढा एका कान्याचा फरक. पण तो काना पुसला गेल्यावर गाव कोणते आणि बाई कोण, हे कसे ठरवावे? ती चांद्याची मेरी होती, की मेरी होण्यापूर्वीची चंदा होती?

आम्ही कामठीस जाऊन आलो. गोऱ्यांच्या कबरस्तानात अंमलदारांवर दगड आहेत; साध्या शिपायावर कोण दगड घालतो? मग त्याच्या बायकोची गोष्टच नको. जिल्ह्याची जुनी इंग्रजी पुस्तके चाळली. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सने चांद्याचा कोट फोडला, किल्लेदार गंगासिंग पडला, हे त्यांत आहे. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी बंड केले, २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याचे गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले, आणि २१ ऑक्टोबर रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूरावांना फाशी दिले, हेही आहे. गार्टलँड हे आडनाव आयर्लंडकडचे, म्हणून आम्ही उगाच हुरळलो. पण नुसत्या आडनावावरून माणसाचे गाव ठरविणे म्हणजे पागोट्यावरून पोटातले ओळखणे होय. तो मोह आम्ही आवरला. मेरीचा पत्ता कोठेच नव्हता.

मास्तरांस तसे कळविण्यास आम्ही बसलो, आणि लिहिता लिहिता लेखणी अडली. त्यांनी पत्राच्या शेवटी सहज विचारले होते, "तुमच्या घराण्याची वंशावळ तुमच्याजवळ असेलच. तुमच्या पणजीचे नाव काय?"

तीस वर्षे आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो. इंग्लंडच्या राजाराण्यांचा क्रम आम्हांस तोंडपाठ आहे. आठव्या हेन्रीच्या साही बायकांची नावे आम्ही झोपेतून उठून सांगू. पण आमच्या पणजीचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते! श्राद्धाच्या दिवशी भटजी विचारतात तेव्हा वडील, आजोबा, पणजोबा एवढी तीन नावे आम्ही सांगतो; बायकांची पाळी आली की वडिलांच्या जुन्या चिठोऱ्यात पाहतो, आणि ते चिठोरे कोठे तरी गेले होते.

घरी सात पिढ्यांची वंशावळ चौकटीत लावलेली आहे. आम्ही उठून ती पाहिली. मूळ पुरुषापासून आमच्यापर्यंत एकूण एकतीस नावे. त्यांत बाई एकही नाही. जणू एकतीस पुरुष एकमेकांच्या फांदीला आपोआप फुटत गेले!

दिवाळीच्या सुटीत आम्ही त्र्यंबकेश्वरी आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. त्यांनी आडनाव विचारले, मूळ गाव विचारले, आणि अर्ध्या घटकेत लाल कापडात बांधलेली वही पुढे ठेवली. आमच्या खापरपणजोबांच्या हातची नोंद तीत होती. पण ती मोडीत! चॉसरचे सहाशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी आम्ही वाचतो, आणि पणजोबांच्या बापाचे हस्ताक्षर आम्हांस वाचता येईना. उपाध्यायांनीच ते वाचून दाखविले. बापाचे नाव, आजाचे नाव, भावांची, मुलांची नावे, मुक्काम चांदे, आणि शेवटी, "सोबत मातुश्री व कुटुंब." कुटुंब म्हणजे आमची खापरपणजी. कामठीच्या पाद्र्याने निदान 'मेरी' तरी लिहिले होते.

आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्या मुलीचे नवे नाव अंगठीने लिहितात. पेढे वाटतात. जुने नाव कोठेही लिहीत नाहीत. त्यानंतर ती बाई जन्मभर उखाण्यांतून नवऱ्याचे नाव जपते, आणि तिचे स्वतःचे नाव जपण्यास कोणी उरत नाही. पाण्याने नाव पुसले काय आणि तांदळात मिसळले काय, गत एकच. मेरीवर कींव करण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

आमची एक आत्या होती, नव्वदी ओलांडलेली, गडचिरोलीस मुलाकडे राहत असे. तिला सारे ठाऊक होते. लहानपणी ती आमच्या पणजीच्या कुशीत निजलेली. तिला विचारावे असे आमच्या मनात दहा वर्षे होते. परीक्षांचे पेपर, सभा, व्याख्याने, यांतून ते राहून गेले. त्र्यंबकेश्वराहून परतल्यावर आम्ही लगोलग तिच्याकडे गेलो. ती आम्हांस आमचे वडील समजली. "दादा, जेवून आलास का?" म्हणाली. आम्ही तिच्या आजीचे नाव विचारले. बराच वेळ ती छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सरस्वती. सासरचं. माहेरचं ठकू. ब्रह्मपुरीची होती. आंबाडीची भाजी फार छान करायची." आणि तिच्या आजीच्या सासूचे, म्हणजे वहीतल्या त्या 'कुटुंबा'चे? आत्या हसली. "तिला सगळे आईच म्हणत."

त्या माघात आत्या गेली.

आमच्याच जिल्ह्यातल्या गोंडांची गोष्ट आम्हांस तेव्हा आठवली. त्यांची वंशावळ कागदावर नसते. ती परधानाच्या कंठात असते. परधान यजमानाच्या दारी येतो, बाणा वाजवितो, आणि घराण्याचे देव, कूळ, पूर्वजांचे पराक्रम गाऊन दाखवितो. परधान गेला की वही गेली. आम्ही सुशिक्षित म्हणविणारे लोक त्यास मागासलेपणा समजत आलो. पण आमच्याही घरी एक परधान होती, नव्वद वर्षांची, आणि तिचा बाणा ऐकण्यास आम्हांस सवड झाली नाही.

मास्तरांस आम्ही सारे खरे लिहिले. 'चांदा' की 'चंदा', हे ठरविण्यास पुरावा नाही. तो शब्द दोन्ही असू शकतो. आपण त्याच्यापुढे कोणताही एक अर्थ शाईने लिहू नये. त्यांचे उत्तर आले. त्यांनी वंशावळीत मेरीच्या नावाखाली तो शब्द इंग्रजीत होता तसाच ठेविला आहे आणि त्याखाली आमच्या पत्रातून उतरवून देवनागरीत दोन्ही रूपे काढली आहेत. अक्षरे वाकडीतिकडी आहेत. काना मात्र ठसठशीत आहे.

आमच्या चौकटीची काच आम्ही काढविली. एकतीस नावांशेजारी आमच्या मुलीने पेन्सिलीने बायकांची नावे लिहिण्यास आरंभ केला आहे. प्रत्येकीची दोन नावे, माहेरचे व सासरचे, आणि कळल्यास गाव. आतापर्यंत अकरा झाली आहेत. पणजीपुढे 'ठकू, ब्रह्मपुरी' असे आहे. तिच्या वरच्या जागेत मुलीने काय लिहावे म्हणून विचारले. सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांनाही आम्ही पाणी देतोच. आम्ही म्हणालो, "जागा सोड."

तिने जागा सोडली आहे.